उन्हाळी कडवळ, खोडमाशी आणि वासरांची सुरक्षितता

लखनौ आणि आसपासच्या जिल्ह्यांत मोहरी, बटाटा वा वाटाणा निघालेल्या शेतात मार्च-एप्रिलमध्ये चाऱ्याची ज्वारी पेरली जाते. तिकडे तिला ‘चरी’ म्हणतात. आपल्याकडे तेच कडवळ. रब्बीचा बरसीम संपल्यापासून पावसाळी गवत हाती येईपर्यंतचे दोन-अडीच महिने या भागातील जनावरे गव्हाचा भुसा आणि चरी यांवरच निभावतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्याचे चित्रही फारसे वेगळे नाही; भुशाच्या जागी कडबा आणि उसाचे वाढे येतात, एवढेच.

या टंचाईचा पहिला फटका वासरांना बसतो. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे 10.98 कोटी म्हशींपैकी जवळजवळ 3.3 कोटी म्हशी एकट्या उत्तर प्रदेशात आहेत. म्हशीच्या मांसासाठी वाढविली जाणारी नर रेडके हा तेथील पशुपालनाचा महत्त्वाचा भाग आहे. तरीही गोठ्यात चारा वाटताना पहिला मान दुभत्या म्हशीचा, मग पारडीचा, आणि उरलेले नर रेडकाच्या वाट्याला, असा क्रम असतो. रेडकू मग कापलेल्या शेतात मोकळे सोडले जाते आणि तेथे धसकटांना फुटलेले कोवळे कोंब ते अधाशीपणे खाते. उन्हाळ्यातील अनेक आकस्मिक मृत्यूंचे मूळ याच कोंबांत असते. आपल्याकडे यालाच ‘किरळ लागणे’ असे म्हणतात.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने चाऱ्याच्या विषबाधेवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, कडवळातील धोकादायक कोवळे फुटवे पुष्कळदा एका लहानशा माशीमुळे निर्माण होतात. ही साखळी समजून घेतली, तर पीकसंरक्षण आणि वासरांचे संरक्षण ही दोन्ही कामे एकाच फेरीत साधता येतात.

ज्वारीतील विष : वनस्पतीचे स्वसंरक्षण

ज्वारीच्या कोवळ्या पानांत ‘धुरिन’ नावाचे ग्लुकोसाइड असते. डन्स्टन व हेन्री या शास्त्रज्ञांनी 1902 मध्ये ते ज्वारीतून वेगळे केले. ‘धुरा’ या ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला हे नाव मिळाले. धुरिन स्वतः फारसे घातक नाही. ते पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींत साठविलेले असते आणि त्याचे विघटन करणारे विकर पानाच्या आतील पेशींत असते. पान अखंड असेपर्यंत दोहोंची गाठ पडत नाही. एखाद्या किडीने पान कुरतडले किंवा जनावराने चावले की, पेशी फुटतात, धुरिन आणि विकर एकत्र येतात व हायड्रोसायनिक आम्ल मुक्त होते. कोवळेपणी शत्रूपासून वाचण्यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे. म्हणूनच वाढ नुकती सुरू झालेल्या भागात धुरिनचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पीक फुलोऱ्याकडे जाऊ लागले की ते कमी होत जाते.

रवंथ करणाऱ्या जनावरांना हा धोका अधिक असतो, कारण कोठीपोटातील सूक्ष्मजीव आणि तेथील आम्लता या विघटनास अनुकूल असतात. रक्तात शोषलेले सायनाइड पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण ऊती त्याविना गुदमरतात. त्यामुळे बाधित जनावराचे रक्त गडद न होता लालभडक दिसते.

शरीराकडे यावर उपायही आहे. यकृतातील एक विकर गंधकाच्या साहाय्याने सायनाइडचे निरुपद्रवी थायोसायनेटमध्ये रूपांतर करते; मात्र या क्रियेला वेळ लागतो. थोडा थोडा, सावकाश खाल्लेला चारा पचून जातो आणि तोच चारा उपाशीपोटी भराभर खाल्ला तर जीव घेतो, याचे कारण हे आहे.

वासरांच्या बाबतीत हिशोब किती तंग असतो, हे एका उदाहरणाने पाहू. हायड्रोसायनिक आम्लाची घातक मात्रा जनावराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारणतः 2 मिलिग्रॅम धरली जाते. 80 किलो वजनाच्या रेडकासाठी ती 160 मिलिग्रॅम होते. हिरव्या चाऱ्यात किलोमागे 200 मिलिग्रॅम, म्हणजे 200 पीपीएम, ही सामान्यतः धोक्याची पातळी मानतात. या पातळीच्या चाऱ्यातील विष एकदम मुक्त झाले, तर केवळ 800 ग्रॅम चाऱ्यात घातक मात्रा भरते. किलोमागे 400 मिलिग्रॅम असलेल्या कोवळ्या फुटव्यांत तीच मात्रा 400 ग्रॅममध्ये, म्हणजे दोन-चार मुठींत येते. 400 किलोच्या म्हशीला याच्या पाचपट चारा खावा लागेल. म्हणून ‘म्हशीला तर काही झाले नाही’ हा पुरावा रेडकाच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.

खोडमाशी पिकाचे वय कसे बदलते

ज्वारीवरील खोडमाशी, शास्त्रीय नाव अथेरिगोना सोकॅटा, ही घरमाशीपेक्षा लहान, राखाडी रंगाची माशी आहे. पीक उगवल्यानंतर सुमारे एक ते चार आठवड्यांच्या काळात मादी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी, लांबट अंडी एकेकटी घालते. अंड्यातून एक ते तीन दिवसांत बाहेर पडलेली अळी पानावरून खाली सरकत पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंब कापते. मधले पान पिवळे पडून वाळते. यालाच ‘पोंगेमर’ म्हणतात. असा पोंगा ओढताच सहज निघतो व त्याच्या बुडाशी कुजका वास येतो.

खोडकिडा, शास्त्रीय नाव चिलो पार्टेलस, यानेही पोंगेमर होते. परंतु त्याच्या प्रादुर्भावात पोंगा उलगडल्यावर पानांवर आडव्या ओळीत गोल छिद्रे दिसतात आणि खोडात भुसा व विष्ठा आढळते. क्षेत्रभेटीच्या वेळी हा फरक शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावा.

मुख्य कोंब मेल्यावर ज्वारीचे रोप मरत नाही. ते बुडापासून नवे फुटवे काढते. धान्याच्या पिकात या फुटव्यांना कणसे उशिरा व लहान लागतात, म्हणून शेतकरी त्यांना नुकसान समजतो. चाऱ्याच्या पिकात मात्र ‘फुटवे आले, चारा वाढला’ अशी समजूत होते आणि तेथेच चूक घडते.

एक उदाहरण घेऊ. कडवळाची पेरणी 15 मार्चला झाली आणि 20 मार्चपर्यंत उगवण झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोडमाशीने अंडी घातली; 10 एप्रिलच्या सुमारास पोंगेमर दिसली आणि 15 ते 20 एप्रिलदरम्यान फुटवे आले. पेरणीपासून 55 दिवस मोजून 9 मे रोजी कापणी सुरू केली. शेतकऱ्याच्या वहीत पीक 55 दिवसांचे आहे, पण त्या शेतातील फुटव्यांचे वय जेमतेम 20 ते 25 दिवस आहे. त्या फुटव्यांवर माशीची दुसरी पिढी पडली असेल, तर त्यानंतर आलेले कोंब आणखी लहान असतात. खोडमाशीचा जीवनक्रम साधारणतः तीन आठवड्यांत पूर्ण होत असल्याने एकाच पिकात दुसरी पिढी येणे ही नेहमीची गोष्ट आहे.

यावरून या लेखाचा मुख्य मुद्दा निघतो. कडवळाचे वय पेरणीच्या तारखेवरून ठरवू नये. शेतातील सर्वांत लहान फुटव्यावरून ठरवावे.

उन्हाळ्यात या धोक्यात पाण्याच्या ताणाची भर पडते. ताणाखालील पिकाची वाढ खुंटते, पाने आखडतात आणि धुरिनचे प्रमाण चढे राहते. ताणानंतर पाणी मिळताच किंवा वळवाचा पाऊस पडताच पीक एकदम कोवळे कोंब काढते. हे पहिले काही दिवस विशेष जपण्याचे असतात.

कापणीपूर्वीची पाहणी

कापणीच्या आठवडाभर आधी शेतात पुढील पाहणी करावी. या कामाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

1. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणे निवडावीत. कडेच्या दोन-तीन ओळी वगळाव्यात.
2. प्रत्येक ठिकाणी सलग 20 याप्रमाणे एकूण 100 रोपे तपासावीत. पोंगेमर झालेली रोपे आणि बुडाशी कोवळे फुटवे असलेली रोपे वेगवेगळी मोजावीत.
3. सर्वांत लहान फुटव्यांची उंची मोजावी.
4. पाण्याचा ताण पडलेल्या, चढाच्या किंवा पाटाच्या शेवटी असलेल्या भागाची स्वतंत्र नोंद घ्यावी. एकाच शेतातील असा तुकडा वेगळा कापावा.

फुटवे विरळ असतील आणि बहुतेक पीक 50 टक्के फुलोऱ्यात असेल, तर कापणी करण्यास हरकत नाही. फुटवे सर्वत्र असतील, तर तीन पर्याय उरतात. पहिला पर्याय म्हणजे पाणी देऊन फुटवे मोठे होईपर्यंत थांबणे. दुसरा म्हणजे हा चारा वासरांना न देता त्याचा मुरघास करणे. तिसरा म्हणजे तो चांगला वाळवून नंतर वापरणे. मुरघासाची व वाळवणीची प्रक्रिया नीट झाल्यास विषाचे प्रमाण बरेच घटते. मुरघास किमान दीड ते दोन महिने बंद ठेवावा. मुळातच फार कोवळा असलेला चारा मात्र वाळवल्यावरही चाचणीशिवाय वासरांपुढे टाकू नये.

विस्तार केंद्राच्या पातळीवर पिक्रेट कागदाची चाचणी सहज करता येते. प्रयोगशाळेतून तयार करून घेतलेल्या सोडियम पिक्रेटच्या द्रावणात भिजविलेली गाळण कागदाची पिवळी पट्टी लागते. फुटव्यांचे बारीक तुकडे करून ते ठेचावेत, लहान बाटलीत भरून त्यावर क्लोरोफॉर्मचे काही थेंब टाकावेत. पट्टी चाऱ्याला व बाटलीच्या भिंतीला न लागता लोंबत राहील अशी बुचात अडकवावी आणि बाटली कोमट जागी ठेवावी. पट्टी काही मिनिटांतच विटकरी लाल झाली तर चारा धोकादायक समजावा. ती दीर्घकाळ पिवळी राहिली तर विष अत्यल्प आहे. ही चाचणी अचूक आकडा देत नाही, पण ‘द्यावा की न द्यावा’ या निर्णयास पुरेशी असते. नमुना मोठ्या ताटाच्या पानाचा न घेता सर्वांत लहान फुटव्याचा घ्यावा. वाळलेले पिक्रिक आम्ल स्फोटक असते, म्हणून ते गावपातळीवर साठवू नये.

खोडमाशीचा बंदोबस्त : चाऱ्याचे पीक आहे हे लक्षात ठेवून

चाऱ्याच्या पिकात फवारलेले औषध थेट जनावराच्या पोटात जाते. त्यामुळे येथे प्रतिबंधक उपायांना प्राधान्य द्यावे.

- गावातील किंवा शिवारातील कडवळाची पेरणी शक्यतो एकाच आठवड्यात उरकावी. पेरण्या मागेपुढे झाल्या की आधीच्या पिकावर वाढलेल्या माश्या उशिराच्या पिकावर तुटून पडतात.
- खोडमाशीसाठी शिफारस असलेल्या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेले बियाणे वापरावे. मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच घ्यावी. पिकाच्या पहिल्या नाजूक आठवड्यांत यामुळे फवारणीची गरज टळते.
- बियाण्याचे प्रमाण हेक्टरी 40 किलो ठेवावे. दाट पेरणीत पोंगेमर झालेली काही रोपे उपटून नष्ट केली तरी उत्पादनात तूट येत नाही, आणि त्याबरोबर अळ्या व भावी फुटवेही जातात.
- मासळीची भुकटी ठेवलेले सापळे हेक्टरी 10 ते 12 लावावेत. प्रौढ माश्या त्याकडे आकर्षित होतात.
- अंडी दिसू लागताच 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.
- पोंगेमर 10 टक्क्यांच्या पुढे गेल्यासच रासायनिक फवारणीचा विचार करावा. त्या वेळी ज्वारीसाठी नोंदणीकृत असलेलेच औषध निवडावे, प्रतीक्षाकाल काटेकोर पाळावा आणि फवारणीची तारीख गोठ्यात लिहून ठेवावी.

पूर्वी खोडमाशीसाठी पेरणीच्या वेळी फोरेट देण्याची पद्धत होती. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुना साठा असल्यास तो चाऱ्याच्या पिकात कदापि वापरू नये.

वासरांसाठी पीक निवडताना

बाजरी आणि मका यांत धुरिन नसते. म्हणून ज्यांच्याकडे वासरे अधिक आहेत, त्यांनी उन्हाळी चाऱ्याचे सर्व क्षेत्र कडवळाखाली न ठेवता त्यातील एक तुकडा तरी चाऱ्याच्या बाजरीला द्यावा. बाजरीस हेक्टरी 10 किलो बियाणे पुरते, ती उष्णता सोसते आणि साधारणतः 55 दिवसांत कापणीस येते. जायंट बाजरा व बाएफ बाजरा-1 हे वाण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. पाण्याची खात्री असल्यास आफ्रिकन टॉल मका हेक्टरी 75 किलो बियाणे वापरून घ्यावा. मक्यावर मात्र लष्करी अळीकडे लक्ष ठेवावे लागते. 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली ही अमेरिकन कीड पोंग्यात राहून भुशासारखी विष्ठा टाकते. चाऱ्याच्या मक्यात अंडीपुंज वेचणे आणि जैविक कीटकनाशकांचा वापर यांवर भर द्यावा.

कडवळच घ्यावयाचे असल्यास वाण विचारपूर्वक निवडावा. एकदा कापणीसाठी रुचिरा, फुले अमृता, फुले गोधन हे वाण आपल्याकडे प्रचलित आहेत. अनेक कापण्यांसाठी हिस्सार येथील ‘मीठी सुदान’ म्हणजे एसएसजी 59-3 हा वाण कमी विषासाठी ओळखला जातो. अनेक कापण्यांच्या पिकात खोडव्याची उंची महत्त्वाची असते. सुदान गवत किमान 50 सेंटिमीटर आणि ज्वारी-सुदान संकर किमान 75 सेंटिमीटर उंच झाल्याशिवाय पुढची कापणी करू नये.

बाजरी व मका धुरिनमुक्त असले तरी सर्वस्वी निर्धोक नाहीत. नत्राचा अतिरेक आणि पाण्याचा ताण एकत्र आल्यास त्यांच्या खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. त्यामुळे नत्र हप्त्यांनी द्यावे, कापणीच्या तोंडावर युरिया देऊ नये आणि ताणाखालील पीक जमिनीपासून थोडे वर कापावे.

कडवळ किंवा बाजरीबरोबर 2:1 ओळींत चवळी घेतल्यास दुहेरी लाभ होतो. ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यात शुष्क भागाच्या 7 ते 8 टक्केच प्रथिने असतात आणि वाढत्या वासराची गरज याच्या जवळजवळ दुप्पट असते. चवळीने ही उणीव भरून निघते, शिवाय वासराच्या पोटात जाणाऱ्या कडवळाचा वाटाही कमी होतो.

खाऊ घालण्याची शिस्त

वासराला सकाळी प्रथम सुका भुसा वा कडबा द्यावा. हिरवे कडवळ उपाशीपोटी देऊ नये. कुट्टी करून सुक्या वैरणीत मिसळावी आणि दिवसभरात विभागून द्यावी. हिरव्या चाऱ्याचे प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवावे. गंधकयुक्त खनिज मिश्रण नियमित असावे. तीन महिन्यांखालील वासराचे कोठीपोट पुरते विकसित झालेले नसते. त्याला दूध व वासरांचे खाद्य हाच मुख्य आहार ठेवून कोवळ्या कडवळापासून दूर ठेवावे. कापणी झालेल्या कडवळाच्या शेतात वासरे सोडू नयेत. धसकटे नांगरून टाकावीत किंवा खोडवा राखावयाचा असेल तर शेताला कुंपण असावे.

विषबाधेची लक्षणे बहुधा खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दिसतात. श्वास जलद होतो, तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, जनावर अडखळते व कोसळते. डोळ्यांची व हिरड्यांची आतील त्वचा लालभडक दिसते. असे होताच उरलेला चारा सर्व जनावरांपुढून काढावा आणि पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून द्यावयाची मात्रा वेळेवर मिळाल्यास जनावर वाचते. रक्ताचा रंग पशुवैद्यकास अवश्य सांगावा. रक्त चॉकलेटी असेल तर ती नायट्रेटची बाधा असू शकते; त्यावरील औषध वेगळे आहे आणि तेथे सोडियम नायट्राइट दिल्यास हानी होते. आडव्या पडलेल्या वासराच्या तोंडात ताक, गुळाचे पाणी वा अन्य काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाण्याचा संभव असतो. मदत येईपर्यंत त्याला सावलीत, छातीवर बसते राहील असे टेकवून ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात गावातील एका तरी कडवळाच्या शेतात शंभर रोपांची ही मोजणी शेतकऱ्यांसह करून पाहावी. पोंगेमर झालेले रोप उपटून त्याच्या बुडाचा कोवळा फुटवा हातात दिला, की पेरणीची तारीख आणि चाऱ्याचे वय यांतील अंतर कोणाच्याही ध्यानात येते. दुभत्या म्हशीच्या चाऱ्याची काळजी शेतकरी आपणहून घेतोच. रेडकाच्या चाऱ्याकडे त्याचे लक्ष वेधणे हे आपले काम आहे.